जुलैत बाळंतपण, मुलगा झाला तर रेवदंड्याला ब्रित (आपली ज्यूंची सुंता) – पावसात कसं जमवायचं?

ठाण्याचा_जावई
नमस्कार मंडळी, शालोम. बायको पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी रेवदंड्याला गेलीये, डॉक्टरांनी जुलैचा दुसरा-तिसरा आठवडा सांगितलाय. मुलगा की मुलगी ते आपल्याकडे आधी कळत नाही आणि विचारायचंही नाही, त्यामुळे झालाच मुलगा तर आठव्या दिवशीच्या ब्रितचं सगळं ठरवायला हातात एक आठवडा. सासऱ्यांचं म्हणणं अलिबागच्या सिनेगॉगमध्येच (आपल्या प्रार्थनास्थळात) ब्रित करायची, मुंबई-ठाण्याची सगळी माणसं बोलवायची, मंडप, मटण, सगळं. मोहेल, म्हणजे सुंता करणारे, मुंबईहून येणार. आता भर जुलैत मंडप कुठे टिकतो, आणि त्या दिवशी रेड अलर्ट असला तर? आई म्हणते ठाण्यालाच करा, पण आठ दिवसांच्या बाळाला आणि ओल्या बाळंतिणीला वडखळच्या खड्ड्यांतून आणायचं माझ्या तरी जिवावर येतंय. कोणी पावसाळ्यात केलीये का? काय आधी करून ठेवायचं?

इस्राईल_आळी
अभिनंदन रे बाळा, आधीच. आता ऐक, तो मंडप डोक्यातून काढ. ब्रितला लागतं काय, तर पोरगा, मोहेल, बाप आणि पोराला मांडीवर घेणारा सांदाक. प्रार्थनेसाठी दहा पुरुषांचं मिनियन जमलं तर फार चांगलं, पण नाही जमलं म्हणून ब्रित अडत नाही. सिनेगॉगमध्येच पाहिजे असंही नाही, सासऱ्यांच्या माजघरात एक खुर्ची एलियाहू हन्नाबीच्या (एलिया संदेष्ट्याच्या) नावाने मांडली की झालं. न चुकणारी गोष्ट एकच, आठवा दिवस, आणि तोही दिवसाउजेडी. पाऊस येणार म्हणून सातव्या दिवशी उरकून टाकू असं कोणी म्हटलं तर ऐकू नकोस, आठव्याच्या आधी केलेली ब्रित धरत नाहीत.

आता मोजणी, कारण इथेच घोळ होतो. आपला दिवस सूर्यास्ताला बदलतो आणि जन्माचा दिवस धरून मोजायचं. बुधवारी दुपारी झाला तर पुढचा बुधवार. बुधवारी रात्री नऊला झाला तर तो गुरुवारचा, ब्रित पुढच्या गुरुवारी. पावसात सूर्य दिसतोय कुठे, म्हणून कालनिर्णयमध्ये सूर्यास्त बघून ठेव, जुलैच्या मध्यावर सव्वासात-वीसच्या आसपास असतो. नर्सकडून जन्माची वेळ मिनिटासकट कागदावर घे. सूर्यास्त आणि पूर्ण अंधार यांच्या मधल्या अर्ध्या-पाऊण तासात झाला तर लगेच हजानना (सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्यांना) फोन कर, तिथे एक दिवस पुढे धरतात.

मांडवा_अपडाऊन
मी तुमच्या समाजातला नाही, पण या रस्त्याने रोज मरतो म्हणून सांगतो. गेटवे-मांडवा लाँच पावसाळ्यात बंद असतात, त्या धरूच नका. भाऊच्या धक्क्यावरून रो-रो चालू असते पण समुद्र खवळला की फेऱ्या रद्द, आणि ते कळतं बरेचदा त्याच सकाळी. रस्त्याने यायचं तर पनवेल, पेण, वडखळ, पोयनाड, कार्लेखिंड, म्हणजे तुमच्या ठाणे-मुंबईच्या पाहुण्यांनी पहाटे निघून दुपारी जेवायला पोचलो तरी नशीब समजायचं. आणि अलिबागहून रेवदंडा सतराएक किलोमीटर, अक्षी-नागाव-चौल सगळी वाडी, एक माड आडवा झाला की रस्ता बंद. एवढं सगळं करण्यापेक्षा गणपतीनंतर मोकळ्या आभाळाखाली मोठा कार्यक्रम केला तर नाही चालत का?

इस्राईल_आळी
@मांडवा_अपडाऊन भाऊ, जेवणावळ गणपतीनंतर काय, दिवाळीत पण चालेल. ब्रित नाही. ती पुढे ढकलायची तर पोराच्या तब्येतीसाठी किंवा जिवाला धोका असेल तर, पाहुण्यांच्या सोयीसाठी नाही. खरंच पूर आला, मोहेल पोचूच शकला नाही, तर पाणी उतरल्यावर होईल तितक्या लवकर करायची, आणि अशी पुढे गेलेली ब्रित शनिवारी करत नाहीत.

शनिवारचं अजून एक. नॉर्मल डिलिव्हरी होऊन पोरगा शनिवारी झाला तर ब्रित पुढच्या शनिवारीच, शब्बाथ (आपला विश्रांतीचा दिवस) असला तरी. पण मग मोहेलने शुक्रवारी सूर्यास्ताच्या आत सामानासकट घरात असायला हवं आणि तो शनिवारी रात्रीच निघणार, म्हणजे त्यांच्या झोपण्या-जेवण्याची सोय करा. सिझेरियन झालं असेल तर शब्बाथला नाही करत, रविवारी करतात.

बाळंतविडा
मी नर्स आहे, माझ्याच्याने गप्प बसवत नाही. सगळ्यात आधी बाळाच्या डॉक्टरचा होकार. पहिल्या आठवड्यात बऱ्याच बाळांना कावीळ दिसते, वजन थोडं उतरतं, तेव्हा सहाव्या-सातव्या दिवशी दाखवून घ्या आणि डॉक्टर थांबा म्हणाले तर थांबायचं, तिथे सासरे-बिसरे कोणाचं चालवू नका. तुमच्या किंवा बायकोच्या घरात कोणाला रक्त न थांबण्याचा त्रास असेल तर ते आत्ताच सांगा. आपल्या धर्मातही, आधीचे दोन भाऊ सुंतेनंतर दगावले असतील तर तिसऱ्याची करू नये, हे तालमूदपासून (आपल्या जुन्या धर्मग्रंथापासून) चालत आलंय.

दुसरं म्हणजे उजेड. रेवदंड्याला वारा सुटला की लाईट जाते, आणि मोहेलला अंधाऱ्या माजघरात मोबाईलच्या टॉर्चवर काम करायला लावू नका. इन्व्हर्टर चार्ज, दोन चांगल्या बॅटऱ्या, आणि वेळ सकाळी नऊ-दहाची ठेवा म्हणजे नंतरचे काही तास ड्रेसिंगवर लक्ष ठेवायला उजेडाचे मिळतात. रक्त थांबत नाहीये असं वाटलं तर सिव्हिल अलिबागला आहे, गाडी आणि ड्रायव्हर त्या दिवशी दारातच पाहिजेत, जेवायला पाठवू नका. आणि लंगोट! जुलैत लंगोट वाळत नाहीत, दमट लंगोट जखमेवर अजिबात नको. आतापासून दोन-तीन डझन धुऊन, इस्त्री करून पिशवीत बांधून ठेवा.

बिरडं_भात
खाण्याचं मी सांगते. जुलैचा शेवट असेल तर बिरड्याच्या रोज्याच्या (मंदिर पडल्याच्या शोकाच्या उपासाच्या) आधीचे नऊ दिवस आहेत का बघा, तेव्हा मटण खात नाहीत. ब्रितच्या जेवणाला तेव्हाही सूट असते पण आमच्याकडे सरळ वालाचं बिरडं, भात आणि पापड करतात, पावसात यापेक्षा चांगलं काय लागतं सांगा. ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंदी, त्यामुळे ताज्या सुरमईची स्वप्नं बघू नका. काळ्या मनुका आताच आणून ठेवा, आदल्या रात्री भिजत घालायच्या आणि सकाळी कुस्करून गाळल्या की किद्दुशचं (आशीर्वादाच्या प्रार्थनेचं) सरबत तयार. मलिद्याचे, म्हणजे आपल्या गोड प्रसादाचे, पोहे हवाबंद डब्यात, नाहीतर या हवेत चामट होतात, गूळ-वेलची घरात असतेच, नारळ तर तुमच्या सासऱ्यांच्या वाडीतच पडत असतील 😄

चौलकर_वाडीवाला
वादळाचं थोडं. जुलैत चक्रीवादळ सहसा येत नाही, ती मे-जूनला नाहीतर ऑक्टोबर-नोव्हेंबरला. निसर्ग ३ जून २०२० ला आलं, तौक्ते १७ मे २०२१ ला इथून वर सरकलं. जुलैत भीती मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकत्र येण्याची, मग कुंडलिकेच्या खाडीकडचं पाणी ओसरत नाही. हवामान खात्याचा जिल्ह्याचा अंदाज चार-पाच दिवस आधी येतो, म्हणजे जन्मानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी बऱ्यापैकी कळेल. ऑरेंज दिसला तरी मोहेलना दोन दिवस आधीच रेवदंड्यात आणा. निसर्गच्या वेळी फोनला रेंज नव्हती कितीतरी दिवस, ‘निघालो की फोन करतो’ यावर राहू नका.

ठाण्याचा_जावई
सगळ्यांचे आभार, खरंच. मोहेलना आजच फोन केला, ते आठव्याच्या आदल्या दिवशी येऊन राहायला तयार आहेत, पण त्याच आठवड्यात पुण्याला पण एक बाळंतपण आहे म्हणाले, म्हणून दुसऱ्या एका मोहेलचा नंबरही घेऊन ठेवलाय. ब्रित घरातच, जे रेवदंडा-अलिबागला आहेत तेवढेच. मुंबईकरांना नंतर मलिद्याला बोलवू. सासरे अजून मंडपवाल्याशी बोलतायत, इस्राईल_आळी काका तुम्ही अलिबागलाच असाल तर एकदा त्यांना भेटाल का, माझं नाही ऐकायचे ते.

इस्राईल_आळी
रविवारी येतो. चहाला बायकोच्या हातचं काही नको, तिला झोपू दे. आणि मुलगी झाली तरी मलिदा कर हं.