मदत हवी आहे: लाईक येतात, पण कोणी बोलत नाही

चाळीतली_मीरा: तीन महिने झाले, आठवड्याला दोनदा टाकतेय. बदाम येतात पंधरा-वीस, पण दोन ओळी कोणी लिहीत नाही. ब्लॉगवर तर कोणी फिरकतही नाही. ऑफिसमधून आल्यावर रात्री जागून लिहिते हो. नेमकं काय चुकतंय? रविवारी पुढचा भाग टाकायचाय.

नऊ_बाराची_लोकल: टाकताय कुठे? विषय काय? एवढं सांगितल्याशिवाय कोण काय सांगणार?

चाळीतली_मीरा: इन्स्टावर. खाली ब्लॉगची लिंक देतेच. विषय गिरणगाव. बाबा लोअर परळला गिरणीत होते, त्यांच्या आठवणी.

किनारा: कॅप्शनमध्ये लिंक देताय का? तिथे ती दाबून उघडत नाही, नुसती अक्षरं दिसतात. बायोत टाका, नाहीतर स्टोरीला लिंकचं स्टिकर लावा.

धावता_धोटा: लिंकबिंक सोडा, रील करा. माझ्या भाजणीच्या रीलला एका रात्रीत जेवढे लोक आले तेवढे ब्लॉगला पाच वर्षांत आले नव्हते.

किनारा: बघायला आले. वाचायला किती थांबले?

धावता_धोटा: आधी येऊ तर देत!

सानेकाका: मी व्हॉट्सॲपवर ब्रॉडकास्ट लिस्ट केली आहे. एका यादीत २५६ जण बसतात आणि ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. म्हणजे ओळखीचेच. पण तेच वाचून फोन करतात.

शुद्धलेखन_प्रेमी: फोनवर मराठी टाइप करायला जीबोर्ड चांगला. बोलूनही लिहिता येतं.

नऊ_बाराची_लोकल: टायपिंगचं कोणी विचारलंय?

परळचा_पोरगा: गिरणगाव म्हणजे ८१ च्या संपाचं लिहिलंत का? आमचे आजोबा त्यानंतर गावी गेले ते कायमचे.

सानेकाका: ८१ नव्हे. संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला, डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली. मी तेव्हा चिंचपोकळीला राहायचो. भोंगे बंद झाल्यावर सकाळी जाग येईना.

परळचा_पोरगा: काका, हे भोंग्याचं लिहा ना सविस्तर. वेगळा धागा काढा.

वाचनवेडी_दादर: मीरा, खातं शोधून आत्ता सगळ्या पोस्ट वाचल्या. डब्याची सगळ्यात आवडली, झाकणावर आजीचं नाव कोरलेलं आहे ती. पण कोणी लिहीत नाही असं कसं म्हणतेस? त्याच पोस्टखाली एका काकांनी विचारलंय, "आमच्या घरीही अस्साच डबा होता. बाबा कुठल्या खात्यात होते?" त्याला पाच आठवडे झाले. तू नुसता बदाम दिलास. माणूस बोलायला आला होता गं. लिंक आणि रील नंतर बघ, आधी त्यांना उत्तर दे.

धावता_धोटा: हे बरोबर आहे. रीलचं माझं म्हणणं तरी कायम.

चाळीतली_मीरा: मला वाटलं बदाम दिला की झालं. आत्ता बाबांना विचारून आले. साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते, बदली कामगार म्हणून लागले. काकांना तसं लिहिलं, त्यांचे वडील कुठे होते तेही विचारलं. बाबा म्हणतात, उत्तर आलं की मला वाचून दाखव. लिंक बायोत टाकली, किनारा. रविवारचा भाग पुढे ढकलतेय, आधी जुन्या पोस्टखालच्या सगळ्या कमेंट बघते.