नाशिकमध्ये आरए (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस) असलेल्यांचा गट आहे का? मदत हवी आहे

फर्स्टशिफ्ट
नमस्कार. सरळ विचारतो. नाशिकमध्ये आरए असलेल्या लोकांचा गट, मंडळ, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, काहीही आहे का? महिन्यातून एकदा भेटणारे असले तरी चालेल. डॉक्टर आहेत, औषधं चालू आहेत, त्याबद्दल विचारत नाहीये. त्याच दुखण्यातली माणसं हवीत बोलायला. बरंच शोधलं. पुणे-मुंबईचं सापडतं, इथलं नाही. इथलं जे सापडतं ते ज्येष्ठ नागरिकांचं आणि गुडघ्यांचं. माहिती असेल तर लवकर सांगा.

चहा_बिनसाखर
आरए म्हणजे संधिवातच ना? माझ्या सासूबाईंचे दोन्ही गुडघे गेले होते, घरात काठी घेऊन चालायच्या. ऑपरेशन केलं, आता सोमेश्वरला दर्शनाला जातात. घाबरू नका, त्यांना आता दुखत नाही. सर्जनचं नाव हवं असेल तर व्यनि (खाजगी निरोप) करा.

प्राजक्त
स्वतःसाठी विचारताय की घरच्या कोणासाठी? वय? शहरात कुठे राहता? प्रत्यक्ष भेटायचंय की फोनवर बोललं तरी चालेल? एवढं कळल्याशिवाय कोणी काय सांगणार?

फर्स्टशिफ्ट
स्वतःसाठीच. गुडघे नाहीत हो, बोटं, मनगटं आणि पायांचे चवडे. ऑपरेशनचा प्रश्नच नाही. प्रत्यक्ष भेटायचंय.

कडुनिंब
बोटं आणि चवडे म्हणजे युरिक अ‍ॅसिड. लगेच तपासून घ्या. टोमॅटो, पालक, डाळी बंद. माझ्या मेव्हण्याचा अंगठा असाच सुजायचा, महिन्याभरात उतरला.

लॅबवाली
कडुनिंब, तो गाऊट. वेगळा आजार आहे. आरएमध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांच्या आतल्या अस्तरावर उलटते. दोन्ही हातांची बोटं सारखीच धरतात, सकाळी आखडलेपण तासभर किंवा जास्त राहतं. रक्तात आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी बघतात, पण काहींचे दोन्ही निगेटिव्ह येऊनही आरए असतो. आणि सासूबाईंचे गुडघे झिजले होते ते तिसरंच. धागाकर्त्याचं निदान झालेलं आहे, त्याला परत तपासायला का पाठवताय?

मुळी_आणि_पान
मी वैद्य आहे, म्हणून थोडं लिहितो. आमच्याकडेही हे दोन वेगळे धरलेत. झिजेचा तो संधिगत वात, आणि माधवनिदान या जुन्या ग्रंथात स्वतंत्र अध्याय आहे तो आमवाताचा. आमवात म्हणजे बराचसा तुमचा आरए. अग्नी म्हणजे पचनशक्ती मंद झाली की आम, म्हणजे न पचलेला अंश, तयार होतो. सुंठ, एरंडेल, लंघन याने माझ्या कितीतरी रुग्णांना उतार पडलाय. इंग्रजी औषधं हळूहळू सोडता येतात.

लॅबवाली
शेवटच्या वाक्याला माझी हरकत आहे. मेथोट्रेक्सेट (आरएची नेहमीची गोळी) मनाने सोडून काढ्यावर गेलेले रुग्ण मी पाहते. वर्षभराने येतात तेव्हा बोटं वाकडी झालेली असतात, आणि वाकलेला सांधा कुठलंच औषध सरळ करत नाही. सुंठ खाऊ दे की, कोण नको म्हणतंय. पण गोळी सोडायची की नाही ते रुमॅटॉलॉजिस्ट (संधिवाताचे डॉक्टर) ठरवतील.

मुळी_आणि_पान
'आज सोडा' असं मी कुठे म्हटलं? 'हळूहळू' लिहिलंय. पथ्य न पाळता गोळ्या खाणारेही आमच्याकडेच येतात शेवटी.

फर्स्टशिफ्ट
कृपया हा वाद वेगळ्या धाग्यावर न्या. मी औषध विचारलेलं नाही. कोणाला गट माहीत आहे का? हो किंवा नाही.

जुनाजाणता
माझ्या माहितीत नाशिकला नोंदणी केलेला असा गट नाही. पण माणसं नाहीत असं समजू नका. पुण्याजवळ भिगवणला १९९६ पासून घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी झाली होती, त्यात साधारण दर दोनशे मोठ्या माणसांत एकाला आरए निघाला. नाशिक शहर २०११ च्या जनगणनेत पंधरा लाखांच्या घरात होतं. लहान मुलं वजा करून तोच हिशेब लावला तरी इथे काही हजार माणसं असली पाहिजेत. पुण्यात कंपवाताच्या रुग्णांचं पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, तिथे रुग्ण आणि घरचे एकत्र येतात. मी बंधूंना घेऊन गेलो होतो. असं काम दोन-चार माणसांनी पुढे होऊनच उभं राहतं, कोणी आयतं आणून देत नाही.

अनघा_नारोड
उशिरा बघितला धागा. मी नाशिक रोडला राहते. लग्नाआधीपासून आरए आहे, आता मुलगी कॉलेजात आहे, म्हणजे बघा.

आमच्या आठ-दहा जणींचा ग्रुप आहे. त्याला नाव वगैरे नाही. रुमॅटॉलॉजिस्टकडे नंबर यायला दोन-दोन तास लागायचे, तिथे बाकावर ओळखी झाल्या. एकीला पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडेना, तिने मला दिली, मला जमेना, मी शेजारणीला दिली, तिलाही जमेना. तिथून बोलणं सुरू झालं. मी संध्याकाळी पोळ्या लाटते म्हणजे सकाळी उठवत नाही हे सोंग, असं माझ्या सासरी वर्षानुवर्षं वाटत होतं. या बायकांना ते समजावून सांगावं लागलं नाही. मला त्याने किती बळ आलं ते शब्दात येणार नाही. कोणाची कुठली गोळी बदलली, कोणाचे केस गळतात, मनगटाला स्प्लिंट कुठून घेतला, मेणाचा शेक घरी कसा घ्यायचा, सगळं बोलतो. दोन गोष्टींना मनाई: एकमेकींना गोळ्यांचा डोस सांगायचा नाही आणि पावडरी विकायच्या नाहीत. दोन्हींवरून एकेकदा भांडण झालंय.

पण लिंक इथे टाकणार नाही. तिघींची लग्नं व्हायची आहेत आणि बाहेर कळू नये म्हणून त्यांच्या घरचे फार जपतात. नवीन कोणी आलं की मी आधी फोनवर बोलते. आणि आजवर एकही पुरुष नाही. बायकांत हा आजार पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट, त्यामुळे वेटिंगमध्येही बायकाच जास्त. विचारून बघते, पण काही जणी नाही म्हणतील. राग मानू नका दादा.

फर्स्टशिफ्ट
राग नाही ताई. पण शेवटी गट आहे आणि माझ्यासाठी नाही, असंच झालं.

पंचवटीकर
दुखण्यात कसला आलाय स्त्री-पुरुष भेद? दोघांचे सांधे सारखेच दुखतात. सरळ घ्या यांना.

प्राजक्त
भेद असतो, पंचवटीकर. मेथोट्रेक्सेट चालू असताना मूल होऊ द्यायचं नसतं, दिवस राहायच्या आधी काही महिने डॉक्टर ती बंद करतात. तेवढ्या काळात दुखणं उसळलं तर काय, बाळंतपणानंतर परत उसळलं तर तान्ह्याला उचलायचं कसं, हे बायका परक्या पुरुषासमोर बोलतील का? त्यांची जागा त्यांना राहू द्या. फर्स्टशिफ्टना वेगळं काही काढू. दादा, तुम्ही अजून स्वतःबद्दल काहीच सांगितलेलं नाही. नेमकं काय हवंय?

फर्स्टशिफ्ट
ठीक आहे, लिहितो. वय ३६. राहतो सिडकोत. सातपूरला एका कंपनीत क्वालिटीला आहे. दिवसभर व्हर्निअर, मायक्रोमीटर, गेज. फर्स्ट शिफ्ट सातला सुरू होते आणि माझी बोटं साडेनऊशिवाय नीट वळत नाहीत. मायक्रोमीटर फिरवताना अंगठ्याच्या मुळाशी कळ येते, रीडिंग चुकेल या भीतीने एकच जॉब तीनदा मोजतो. सेफ्टी शूजच्या नाड्या बायको बांधून देते. क्लच दाबवेना म्हणून मोटरसायकल विकून स्कूटर घेतली. कंपनीत फक्त एका मित्राला माहीत आहे. सुपरवायझरला सांगावं का? सांगितलं तर शिफ्ट बदलून मिळते की माणूस कमी करायच्या यादीत जातो? हे मला ज्याने सांगून बघितलंय त्याच्याकडून ऐकायचंय. डॉक्टर याचं उत्तर देऊ शकत नाहीत. मेथोट्रेक्सेटची गोळी घेतली की दुसऱ्या दिवशी मळमळतं, 'कमी होईल' म्हणतात, पण ज्याचं कमी झालंय असा एक माणूस समोर बघायचाय. एका हॉस्पिटलच्या संधिवात दिनाच्या कार्यक्रमाला गेलो तर दोन तास गुडघे बदलण्यावर भाषण. मला बघून विचारलं, 'पेशंट कुठे आहेत?' बायको सगळं ऐकते, कधी कंटाळली नाही. पण सगळा भार तिच्यावरच किती टाकायचा?

नियमांनुसार
सिव्हिलला जाऊन अपंगत्व प्रमाणपत्र काढा. २०१६ च्या कायद्याप्रमाणे ४० टक्के भरलं तर सवलती मिळतात. ऑनलाइन अर्ज करून यूडीआयडी, म्हणजे अपंगत्वाचं ओळखपत्रही निघतं.

लॅबवाली
माहिती बरोबर आहे, पण ते सांध्यात कायमची विकृती आलेल्यांसाठी. यांनी ते विचारलेलं नाही.

काळी_माती
दादा, मी दिंडोरी तालुक्यातला. द्राक्षबाग आहे, चार एकर. मला पण हेच, आरए. वय ४१.

कंपनीचं मला काही कळत नाही, पण हाताचं कळतं. एप्रिलला खरड छाटणी आणि ऑक्टोबरला गोडी छाटणी, दोन्हीला दिवसभर कात्री चालवावी लागते. पहिल्या वर्षी काय होतंय तेच कळेना. मजूर म्हणायचे मालक काम टाळतो. वडील म्हणायचे आमच्या वेळी असलं नव्हतं. मी रात्री गरम पाण्यात हात धरून बसायचो आणि कोणाला सांगायचो नाही. मग बॅटरीवरची कात्री घेतली, महाग आहे पण बोट फक्त बटनावर ठेवायचं. सकाळची कामं भावाला दिली, मी दहानंतर बागेत उतरतो. हे घरात बोललो तेव्हाच जमलं, त्याआधी नाही.

मळमळीचं: मला पण व्हायची, दुसरा दिवस वाया जायचा. डॉक्टरांना ठासून सांगितलं तेव्हा त्यांनी गोळी बंद करून तेच औषध इंजेक्शनमध्ये दिलं. आता पुष्कळ बरं आहे. तुम्ही पण सांगा त्यांना, सहन करत बसू नका. गोळीच असेल तर सुट्टीच्या आदल्या रात्री घ्यायची का, तेही विचारा. पण आठवड्यातून एकदाच हां. आमच्या गावात एकीने रोज घेतली, तोंड आलं, रक्त कमी झालं, आयसीयूत ठेवावं लागलं.

भेटायचं असेल तर मी येईन नाशिकला. औषधाला यावंच लागतं.

फर्स्टशिफ्ट
भाऊ, मजूर काय म्हणायचे ते वाचलं. आमच्याकडे शब्द फक्त वेगळे आहेत. नक्की भेटू. इंजेक्शनचं पुढच्या भेटीत विचारतो.

पंचवटीकर
मग ठरवाच. गोल्फ क्लब मैदानावर सकाळी सहाला या, ट्रॅकवर चालायचं आणि नंतर मिसळ. मखमलाबादकडच्या मळ्यात झाडाखाली मस्त बसता येतं.

अनघा_नारोड
पंचवटीकर, सकाळी सहाला आमच्यातलं कोणी पलंगावरून उठत नाही हो. दुपारी चारनंतर ठेवा. आणि मळ्यात बसक्या बाजांवर बसलं की उठवायला माणूस लागतो. हात असलेल्या खुर्च्या हव्यात, जिना नको, कमोड हवा.

चहा_बिनसाखर
मिसळीचं म्हणाल तर आता पूर्वीची चव राहिलेली नाही. सगळीकडे नुसता तर्रीचा रंग.

जुनाजाणता
गंगापूर रोडला कुसुमाग्रज स्मारकात चौकशी करून बघता येईल, तिथे छोटे-मोठे कार्यक्रम होत असतात. नाहीतर कोणाच्या सोसायटीचा तळमजल्यावरचा हॉल.

पाचवी_ब
विषय थोडा वेगळा आहे, पण विचारते. माझी मुलगी अकरा वर्षांची आहे, तिला जेआयए सांगितलंय, म्हणजे सोळाच्या आत होतो तो संधिवात. शाळेत बाई म्हणतात अक्षर मुद्दाम वाईट काढते. अशी आणखी मुलं आहेत का इथे? ती विचारते, 'मलाच का?'

अनघा_नारोड
पाचवी_ब, तुम्हाला व्यनि केलाय. आमच्यातल्या एकीला लहानपणापासूनच आहे, ती तिच्याशी बोलेल. शाळेसाठी डॉक्टरांकडून पत्र घ्या. परीक्षेत जास्त वेळ मिळण्यासाठीही ते लागेल.

फर्स्टशिफ्ट, मी ग्रुपवर विचारलं. ग्रुप आहे तसाच राहील, पण उघड भेट ठेवली तर आम्ही चौघी येऊ, दोघींचे नवरेही येतील. त्यांनाही आपसांत बोलायचं असतं, ते आमच्या कधी लक्षातच आलं नव्हतं. तुमच्या मिसेसनाही आणा. आणि आमच्या डॉक्टरांच्या रिसेप्शनवर एक चिठ्ठी लावायला परवानगी मिळते का बघते. इंटरनेटवर शोधून आपल्यासारखी माणसं सापडत नाहीत दादा, ती वेटिंगमध्ये बसलेली असतात.

काळी_माती
तारीख गोडी छाटणीच्या आधी धरा. एकदा बाग धरली की मला दिवाळीपर्यंत सवड नाही.

मुळी_आणि_पान
मी आलो तर चालेल का? औषधाबद्दल बोलणार नाही. ऐकायला येईन.

लॅबवाली
माझी हरकत नाही. मग मीही येते.

फर्स्टशिफ्ट
या सगळे. शनिवारी माझी सुट्टी आहे. चारच्या सुमारास जाऊन स्मारकात विचारतो, नाही जमलं तर आमच्या सोसायटीचा हॉल बघतो. पायऱ्या किती, कठडा आहे का, खुर्च्या कसल्या, कमोड आहे का, स्कूटर किती जवळ लावता येते, सगळं बघून रविवारी रात्री इथे टाकतो. ज्यांना यायचंय त्यांनी व्यनित फक्त राहण्याचा भाग आणि जमणारी वेळ कळवा, नाव नको. हाताने काम करणारे, शिफ्टवाले कोणी वाचत असतील तर त्यांनी आवर्जून कळवा. सुपरवायझरचा प्रश्न अजून तसाच आहे.