अनलिमिटेड बुफे: पैसे वसूल कुठे होतात? अनुभव लिहा

टीम लंचसाठी बुफे शोधतेय. जो तो "शंभर पदार्थ" ओरडतो, पण त्यातलं परत घ्यावंसं वाटणारं किती असतं? तुम्ही पुन्हा पुन्हा कुठे जाता आणि का, ते सांगा.

----

मी प्लेट न उचलता आधी एक चक्कर मारतो. पनीरचं भलंमोठं भांडं काठोकाठ भरलेलं, वर तेलाचा थर आणि साय धरलेली दिसली की समजायचं, कधीचं पडून आहे. भांडी लहान आणि आतून सारखं ताजं येतंय, तिथे खुशाल बसा. आणि हो, रविवारी एकच्या सुमारास जा, तीननंतर तळाचं खरवडायला कशाला जायचं.

----

आमचं ठरलेलं बार्बेक्यू नेशन. २००६ला मुंबईत सुरू झालं तेव्हा टेबलातच शेगडी याचंच अप्रूप होतं. आपण "बास" म्हणून टेबलावरचा झेंडा खाली करेपर्यंत सळया येतच राहतात, पोरं त्या केजन बटाट्यांवर तुटून पडतात आणि कोळंबी येईस्तोवर पोट भरून गार, मग ती आमच्या वाट्याला :) मेन कोर्सकडे बघतही नाही, थेट कुल्फी.

----

अहो पण आपली अनलिमिटेड थाळी काय वेगळी, उलट उठावंही लागत नाही! काळबादेवीचं ठाकर भोजनालय १९४५पासून हेच करतंय, तूप लावलेला फुलका तव्यावरून थेट ताटात, ताटावर हात आडवा धरला तरी वाढपी एक टाकून जातोच. बुफेतली नान दहा मिनिटांत चामडं होते, हा खरा फरक. पुण्यात असाल तर दुर्वांकुर. आमरसाच्या दिवसात मात्र कुठेही गेलात तरी आधी विचारा, रस थाळीत की वेगळे पैसे.

----

+१ थाळीला. कोल्हापुरात मटण मोजून पण तांबडा-पांढरा हवा तेवढा, मटण संपलं तरी नुसत्या रश्श्यावर अजून एक भाकरी सहज जाते.

----

इकडे न्यू जर्सीत एडिसनला देशी लंच बुफे म्हणजे आमचा शनिवार. कोविडनंतर बरेच बंद पडले, उरलेल्यांत मी फक्त डोसा समोर घालून देतात का ते बघते, कारण बटर चिकन सगळीकडे सारखंच गोड.

----

ते "अन्न टाकल्यास दंड" लिहितात ते पटतं मला. पण एका ठिकाणी पाण्याची सीलबंद बाटली न विचारता फोडून ठेवली आणि बिलात लावली, वर टॅक्स, वर सर्व्हिस चार्ज. साधं पाणी मागा, ठणकावून.

----

धन्यवाद मंडळी! अडचण अशी की लंच गुरुवारी आहे आणि मार्गशीर्ष सुरू, अर्धी टीम नॉनव्हेजला हात लावणार नाही, मग त्यांच्याकडून शेगडीवाल्यांचे पैसे कशाला घ्यायचे. थाळीच बुक करते. वीस जणांना एका पंगतीला बसवणारं कोथरूड-कर्वेनगर साइडला कुणाला माहितीये का?