इंग्लंडहून एमजीबी आणायची म्हणतोय. आणावी का?

खेतवाडीचा भाचा

मंडळी, वर्षभर डोक्यात घोळतंय ते इथे मांडतो. एमजी या ब्रिटिश कंपनीची १९७२ सालची एमजीबी रोडस्टर, म्हणजे उघड्या छताची स्पोर्ट्स कार, उजव्या बाजूचं स्टिअरिंग, क्रोमचे बंपर. इंग्लंडमधल्या एका गृहस्थाने पूर्ण खोलून पुन्हा बांधली आहे. फोटो आले, बिलं आली, इंजिन सुरू करतानाचा व्हिडिओ आला. घरचे म्हणतात वेड लागलंय. तुम्ही मोकळेपणाने सांगा.

आधी माझं म्हणणं. माझ्या मामाचं खेतवाडीत गॅरेज होतं. सगळी कामं ॲम्बॅसिडर आणि फियाटची. एका जुन्या गिऱ्हाइकाची एमजी मात्र दर दोन-तीन महिन्यांनी यायची. मी आठवीत असेन. मामाने बॉनेट उघडून दाखवलं, "बघ, हे आपल्या ॲम्बॅसिडरचंच भावंड." खरंच होतं ते. ॲम्बॅसिडरमध्ये जे १४८९ सीसीचं बीएमसीचं (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं) बी-सिरीज इंजिन यायचं, त्याच घराण्यातलं १७९८ सीसीचं इंजिन एमजीबीत आहे. चावी फिरवली की मागून पेट्रोल पंपाची टिकटिक सुरू व्हायची, आधी भरभर, मग कार्ब्युरेटरचं भांडं भरत आलं की हळूहळू. टिकटिक थांबली की मामा म्हणायचा, "आता मार स्टार्टर." तो आवाज डोक्यातून गेलेला नाही.

इतकी वर्षं हे शक्यच नव्हतं. परदेशातून परवान्याशिवाय आणता यायच्या त्या १ जानेवारी १९५० च्या आधी बनलेल्या गाड्या. एमजीबी बाजारात आली १९६२ मध्ये, म्हणजे ती त्यात बसतच नव्हती. २०२५ मध्ये नियम बदलला आणि बनून ५० वर्षं झालेली गाडी आणता येऊ लागली. म्हणजे ही खिडकी दरवर्षी एका वर्षाने पुढे सरकणार.

पैसे साठवलेत, कर्ज काढणार नाही. मामा गेला, पण त्याच्या हाताखाली तयार झालेले दोन मिस्त्री अजून काम करतात. मी आणावी असं माझं मत आहे.

कुर्ला पूर्व

भाचेसाहेब, मन मोडायचं नाहीये, पण माझं मत सरळ विरुद्ध आहे.

माझे वडील कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात बॉडी शॉपला होते. घरी आल्यावर बोटांच्या पेरांनी जेवणाच्या ताटाचा काठ चाचपायची सवय होती त्यांना. कुठे चेपलंय ते डोळ्यांआधी बोटाला कळतं म्हणायचे. या शहरात अशी माणसं हजारोंनी होती. आणि त्यांनी बनवलेल्या गाड्यांचं काय झालं? ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी उरली नाही. खाजगी गाड्या भंगारात गेल्या. ज्या उरल्या त्या वसई-पालघरच्या वाड्यांमध्ये आंब्याखाली सडताहेत.

मी त्यातलीच एक उचलली, १९५७ ची डुक्कर फियाट. फरशी गेलेली, डिकीत उंदरांची घरटी. साडेतीन वर्षं लागली, साधारण ४ लाख गेले. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला आणि ऑपेरा हाऊसच्या दुकानांत किती चकरा मारल्या त्याचा हिशोब नाही. पण त्या साडेतीन वर्षांत एक सत्तरीचा टिंकर, म्हणजे पत्र्याचं काम करणारा कारागीर, पुन्हा कामाला लागला आणि त्याच्या हाताखाली एक पोरगा शिकला. तुमच्या एमजीबीचं जे काही शिकण्यासारखं काम होतं ते इंग्लंडमध्येच उरकलं. इथे येणार ती नुसती चकाकी. शौक तुमचा, पैसा तुमचा, मान्य. पण जुन्या गाडीवर प्रेम असेल तर ते आधी इथल्या गाडीवर का नको?

बॅलार्ड पिअर

मी २२ वर्षं क्लिअरिंगचं, म्हणजे कस्टम्समधून माल सोडवण्याचं काम करतो. भावनेत पडत नाही, आकडे सांगतो.

समजा गाडी १५ हजार पौंडांची आहे. आपले साधारण १७-१८ लाख. कंटेनरचं भाडं आणि विमा धरून २० लाख समजा. कर नुसत्या गाडीच्या किमतीवर लागत नाही, भाडं-विम्यासकटच्या या रकमेवर लागतो. त्यावर सीमाशुल्क, मग शुल्क मिळवून आलेल्या आकड्यावर जीएसटी. सगळं मिळून दुपटीहून जास्त. म्हणजे ४० लाखांच्या वर नुसता कर, आणि गाडी घरी येईपर्यंत ६० लाखांच्या पुढे. कागद अडकला आणि कंटेनर न्हावाशेवाला पडून राहिला तर डेमरेज, म्हणजे माल पडून राहिल्याचा आकार, वेगळा.

हे परवडत असेल तर पुढचं वाचा, कारण खरी मेख पुढे आहे. तुम्ही लिहिलंत "पूर्ण खोलून पुन्हा बांधली". जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांच्या नोंदणीचे जे केंद्रीय नियम आले, त्यात व्हिंटेज म्हणजे ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली, आणि चॅसी (खालचा लोखंडी सांगाडा), बॉडी शेल, इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली गाडी. आता एमजीबीला वेगळी चॅसी नाही, बॉडी हाच सांगाडा. आणि १९८८ पासून इंग्लंडमध्ये एमजीबीचं कोरं करकरीत बॉडी शेल विकत मिळतं, जुन्याच साच्यांवर काढलेलं. बऱ्याच गाड्या अशाच "बांधल्या" जातात. जुन्या गाडीचं इंजिन, जुनी नंबरपट्टी, सांगाडा नवा.

तुमच्या गाडीचा सांगाडा कधीचा आहे? बिलांमध्ये बॉडी शेलची ओळ आहे का, ते आज रात्रीच बघा. नवा असेल तर ती १९७२ ची आहे हे आरटीओला कसं सांगणार?

खेतवाडीचा भाचा

बॅलार्डसाहेब, तुमचं वाचून बिलं पुन्हा काढली. नव्या शेलचं बिल नाही. पण दोन्ही दरवाज्यांखालचे उंबरे, पुढची दोन्ही मडगार्डं आणि फरशीचा अर्धा भाग बदलल्याचं बिल आहे. आता हा "मोठा फेरफार" म्हणायचा का? माझ्या मते नाही. गंजलेला पत्रा कापून त्याच मापाचा पत्रा जोडणं म्हणजे दुरुस्ती. देवळाची कौलं बदलली म्हणून देऊळ नवं होत नाही.

कुर्ला पूर्व, तुमच्या वडिलांबद्दल वाचून थांबलो जरा. तुमचं काम मोठं आहे. पण एक सांगा, इंग्लंडमध्ये जो टिंकर त्या उंबऱ्यावर आठवडाभर बसला त्याचं काम नुसती चकाकी कसं? तोही तुमच्या वडिलांच्याच जातकुळीतला.

दादरची मृणाल

माझ्याकडे स्टँडर्ड हेरल्ड आहे, मद्रासला बनलेली, वडिलांची. तरीही माझं मत भाच्याच्या बाजूने. कारण सांगते.

हेरल्डच्या सुट्या भागांसाठी मी पहिली सहा वर्षं चोरबाजार पालथा घातला. मिळालं ते झिजलेलं मिळालं. शेवटी ब्रेकचे रबर, इंजिनचे गॅस्केट, दरवाज्यांच्या पट्ट्या सगळं इंग्लंडहूनच मागवलं. म्हणजे "इथली गाडी" रस्त्यावर ठेवायलाही तिथला माल लागतोच. एमजीबी तर पाच लाखांच्या वर बनल्या. तिचा खिळा न् खिळा आजही नवा मिळतो. जिचे भाग मिळतात तीच गाडी चालती राहते, बाकीच्या नुसत्या पुसायच्या.

भाचेदादा, एक मात्र आल्या दिवशी करा. आपल्या पंपांवर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. जुन्या रबराच्या नळ्या त्याने फुगतात, मऊ पडतात. माझ्या गाडीची नळी माटुंग्याच्या पुलाखाली फुटली, गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकत होतं. बोनेट उघडं होतं आणि एका टॅक्सीवाल्याने धावत येऊन बॅटरीची वायर काढली म्हणून आज लिहितेय. सगळ्या नळ्या, सील, कार्ब्युरेटरमधल्या फ्लोटखालचे वॉशर इथेनॉल सहन करणारे घाला. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी ठेवा, ते पेट्रोल आपल्या हवेत पाणी ओढतं.

हात पोळलेला माणूस

मी गाडीचं नाव, गाव, विकणाऱ्याचं नाव काहीच लिहीत नाही. चार वर्षांपूर्वी दुसऱ्या राज्यातून एक "संपूर्ण रिस्टोर्ड" स्पोर्ट्स कार घेतली. फोटोंत आरशासारखी. घरी आल्यावर पहिल्या रविवारी मुलीने खेळता खेळता फ्रिजवरचं लोहचुंबक दरवाज्याला लावलं. चिकटलं. मडगार्डला लावलं, चिकटलं. दरवाज्याखालच्या उंबऱ्याला लावलं आणि ते टप्पकन खाली पडलं. तिला वाटलं चुंबक बिघडलं. तिने उचलून पुन्हा लावलं, पुन्हा पडलं. मी तिच्या हातातून घेतलं आणि उंबऱ्यावरून पुढून मागे नेत गेलो. वीतभर जागेत कुठेही ओढ नाही. दुसऱ्या दिवशी टिंकरने स्क्रूड्रायव्हरच्या दांड्याने ठोकलं तर भरीव, मऊ आवाज. आत वर्तमानपत्राचा बोळा, वर जाळी, त्यावर बोटभर पुटिंग (खड्डे बुजवायचा लगदा), त्यावर तो आरशासारखा रंग.

पहिल्या पावसाळ्यात पुटिंग सुटलं. गाडी आजही ठाण्याला ताडपत्रीखाली आहे.

भाचेभाऊ, उघड्या छताच्या गाडीत सगळी ताकद त्या उंबऱ्यांतच असते. जॅक लावून एका बाजूने उचला आणि दरवाजा उघडून बंद करून बघा. अडकला तर सांगाडा वाकतोय. हे फोटोत दिसत नाही. साठ लाख घालवणार असाल तर विमानाचं तिकीट काढून स्वतः जा.

सांताक्रूझचा सलील

उजव्या स्टिअरिंगचाच हट्ट का? एमजीबी सगळ्यात जास्त अमेरिकेत गेल्या. कॅलिफोर्नियाच्या कोरड्या हवेतल्या गाडीचा पत्रा इंग्लंडच्या गाडीपेक्षा कितीतरी चांगला असतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२० प्रमाणे चालू स्थितीतला सिग्नल असेल तर डावं स्टिअरिंग रस्त्यावर चालवता येतं.

दादरची मृणाल

सलील, कायद्याने चालेल, पण घाटात ट्रकच्या मागे बसून पाहा. समोरचं दिसायला अख्खी गाडी उजवीकडे काढावी लागते आणि ती जमिनीला टेकलेली असते. मी तरी सुचवणार नाही.

कुर्ला पूर्व

भाचेसाहेब, इंग्लंडच्या टिंकरबद्दल बोललात ते पटलं. ते वाक्य मी मागे घेतो, त्याच्या हाताला नमस्कार.

पण माझा मूळ मुद्दा शिल्लक आहे आणि तो मी सोडत नाही. व्हिंटेज नोंदणी म्हणजे २० हजार फी, १० वर्षांची मुदत, राज्याच्या अक्षरांपुढे "व्हीए" अशी पाटी. हे ठीक. पण त्या पाटीवर गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढंच. तुम्हाला टिकटिक ऐकायची आहे ना? मग साठ लाखांत वर्षातून किती सकाळी ऐकणार? हॉर्निमन सर्कलच्या रॅलीची एक सकाळ, आणखी चार-दोन. जून ते सप्टेंबर तर झाकूनच ठेवावी लागणार. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला होता, माझ्या वडिलांची पद्मिनी छतापर्यंत बुडाली. पाणी ओसरल्यावर चार दिवसांत आम्ही दोघांनी ती सुरू केली. तुमच्या गाडीच्या सीटमागे खाली बॅटऱ्या आहेत, सहा-सहा व्होल्टच्या दोन. तिथे पाणी आधी पोहोचेल.

आणि ते भावंड प्रकरण. घराणं एक, कबूल. पण १९६४ नंतरच्या एमजीबीच्या क्रँकला, म्हणजे इंजिनातल्या मुख्य दांड्याला, पाच मेन बेअरिंग आहेत, ॲम्बॅसिडरला तीन. मामांच्या मिस्त्रींना टॅपेट आणि कार्ब्युरेटर जमेल, क्रँक खोलायची वेळ आली तर ऑपेरा हाऊसला त्या मापाचं बेअरिंग मिळणार नाही.

त्याच पैशांतले दहा लाख बाजूला काढा. मी वसईत दोन जागा दाखवतो. एका वाडीत ॲम्बॅसिडरची थोरली बहीण, हिंदुस्थान लँडमास्टर उभी आहे. तिचं इंजिन बी-सिरीजच्या आधीचं, जुन्या साइड-व्हॉल्व्ह पद्धतीचं आहे. पण टिकटिक तिथेही ऐकू येईल, आणि खोलणारे हात इथलेच असतील.

बॅलार्ड पिअर

पत्रा जोडला ती दुरुस्ती की फेरफार, हे आपण इथे ठरवून उपयोग नाही. गाडी बोटीवर चढायच्या आधी कागद तयार करा. इंग्लंडमधल्या गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून हेरिटेज सर्टिफिकेट मिळतं, त्यात गाडी कोणत्या तारखेला बनली, मूळ रंग, मूळ इंजिन नंबर असतो. तो नंबर इंजिनाच्या ब्लॉकवरच्या नंबराशी जुळला पाहिजे. आणि पत्रा बदलतानाचे तारखेसकट फोटो मागा, आधीचे, कापतानाचे, जोडल्यावरचे. विकणारा प्रामाणिक असेल तर त्याच्याकडे असतातच.

खेतवाडीचा भाचा

सगळ्यांचे मनापासून आभार. विकणाऱ्याला आज लिहिलं. सर्टिफिकेट त्याच्याकडे आहे, इंजिन नंबर जुळतो. पत्र्याचे फोटो डाव्या बाजूचे पाठवले, उजव्या बाजूचे सापडत नाहीत म्हणतो. त्यामुळे पुढच्या महिन्यात जातोय. बरोबर लोहचुंबक नेणार, जॅक तिथे मागून घेईन. उजवा उंबरा खणखणीत वाजला नाही तर परत येणार, आगाऊ रक्कम दिलेली नाही.

कुर्ला पूर्व, आणायचं माझं मत बदललेलं नाही. मी ही गाडी मिळवण्यासाठी वीस वर्षं थांबलोय, आणि वर्षातल्या पाच सकाळी मला पुरतात. पण लँडमास्टर बघायला यायचंय. या रविवारी चालेल?

कुर्ला पूर्व

या. सकाळी साडेसातला वसई स्टेशन, पश्चिमेला. जुने कपडे घालून या, तिच्याखाली झोपून बघावं लागेल. आणि तुमच्या मामांचे ते मिस्त्री मोकळे असतील तर त्यांनाही घेऊन या.