मुलीसोबत कॉलेजं बघायला जातोय, रात्रीचा मुक्काम कुठे करावा?

सायली_आणि_मी

नमस्कार मंडळी. लेक बारावीत आहे आणि पुढच्या महिन्यात आम्ही दोघी ४ दिवसांत ३ कॉलेजं प्रत्यक्ष बघायला जायचं ठरवलंय. तिन्ही वेगवेगळ्या गावात, एकीकडून दुसरीकडे जायला साधारण २-३ तास लागतात. यातल्या एका कॉलेजने तिला हॉस्टेलवर एक रात्र तिथल्याच विद्यार्थिनीसोबत राहायला बोलावलंय. ह्यांचं म्हणणं की मधल्या गावात एकच हॉटेल घ्या आणि तिथून रोज ये-जा करा, सामान हलवायची कटकट नको. मला वाटतं रोज मुक्काम बदलावा पण मग रोज बॅगा भरा आणि उपसा. शिवाय कॅम्पसच्या अगदी जवळ घ्यावं की थोडं लांब चालेल? आणि हॉस्टेलवर एकटीला ठेवावं का, खरं सांगायचं तर मला त्याचीच जास्त काळजी वाटतेय. ज्यांनी हे केलंय त्यांनी प्लीज सांगा.

दोन_पोरांचा_बाबा

ताई, तुमचं बरोबर आहे, मुक्काम बदला. आम्ही थोरल्याच्या वेळी नेमकं तुमचे मिस्टर म्हणतायत तसंच केलं होतं, मधे एक हॉटेल, तिन्हीकडे सारखंच अंतर, कागदावर एकदम छान. दुसऱ्या दिवशी ९ वाजता माहिती सत्र होतं म्हणून पहाटे साडेपाचला उठलो, रस्त्यात पाऊस, पुढे ट्रॅफिक, पोचलो साडेनऊला, सत्र अर्धं संपलेलं आणि पोरगं गाडीत झोपून उठलेलं, त्याचं कशातच लक्ष नव्हतं. त्या कॉलेजबद्दल त्याचं मत तिथेच वाईट झालं आणि त्यात कॉलेजचा काही दोष नव्हता हो. धाकटीच्या वेळी एकच गोष्ट पाळली, आजची रात्र कुठे काढायची हे उद्या सकाळी कुठे हजर व्हायचंय त्यावर ठरवायचं. म्हणजे दुपारी एक कॅम्पस बघून झाला की संध्याकाळच्या आत पुढच्या गावात. प्रवास दुपारी-संध्याकाळी होतो, तेव्हा उशीर झाला तरी फार बिघडत नाही.

बॅगांचं म्हणाल तर हॉटेल सकाळी ११-१२ ला सोडायला लावतात आणि पुढच्या ठिकाणी दुपारी २ च्या आधी खोली मिळेलच असं नाही, मधल्या वेळात बॅग रिसेप्शनवर ठेवून घेतात, फक्त आधी विचारून ठेवा.

अजून एक, नकाशावर कॉलेजचं नुसतं नाव टाकून अंतर बघू नका. मोठा कॅम्पस असेल तर मेन गेटपासून अ‍ॅडमिशनच्या इमारतीपर्यंतच २-३ किमी असू शकतात. आम्ही "कॅम्पसपासून ५ मिनिटं" असं लिहिलेलं हॉटेल घेतलं होतं, ५ मिनिटं होती खरी पण मागच्या गेटपर्यंत, आणि ते गेट कायम बंद. जिथे हजर व्हायचंय त्या इमारतीचा पत्ता टाका आणि सकाळची वेळ लावून अंतर बघा.

हॉस्टेल_नंबर_चार

हॉस्टेलच्या प्रश्नाचं मी सांगते कारण कॉलेजात असताना ३ वर्षं माझ्या खोलीत अशा बघायला आलेल्या मुली राहायच्या. काकू, नक्की पाठवा. दिवसा गाईड जे दाखवतो ते सगळ्यांना सारखंच दाखवतो, पण रात्री १० नंतर हॉस्टेलचा कॉरिडॉर कसा असतो, मुली अभ्यास करतायत का दारं लावून बसल्यात, कोणी आजारी पडलं तर कोण धावतं, हे तिथे राहिल्याशिवाय कळतच नाही. माझ्याकडे आलेली एक मुलगी रात्री दीडपर्यंत माझ्या रूममेटशी बोलत बसली होती, सगळे प्रश्न खरेखुरे, मेसमध्ये रविवारी संध्याकाळी काय हाल असतात, लायब्ररी किती वाजेपर्यंत चालू, पहिल्या वर्षी कितीजणी घरच्या आठवणीने रडतात. आईसमोर तिने ते विचारलं नसतं.

फक्त काही गोष्टी आधी पक्क्या करा. ती १८ च्या आत असेल तर बहुतेक ठिकाणी पालकांच्या सहीचा फॉर्म लागतो, तो आधीच मागवून घ्या, ऐन वेळी धावपळ होते. झोपायला पलंग आहे की जमिनीवर गादी हे विचारा, बऱ्याचदा गादीच असते, मग पांघरूण-उशी आणायची का तेही विचारा. टॉवेल, चप्पल, चार्जर तिचं तिचं. जिच्या खोलीत राहणार तिचा आणि वॉर्डनचा असे दोन्ही नंबर तुमच्याकडे हवेत. आणि तुम्ही त्या रात्री १०-१५ मिनिटांच्या अंतरावरच राहा. तिला करमलं नाही तर रात्री ११ लाही निघून येता येईल एवढं तिला माहीत असलं की ती निवांत राहते. गेट किती वाजता बंद होतं तेही विचारून ठेवा नाहीतर निघायचं म्हटलं तरी निघता येत नाही.

शांत_झोप_हवी

जवळ राहण्याबद्दल माझं थोडं वेगळं मत आहे. कॅम्पसला चिकटून असलेली हॉटेलं शनिवार-रविवारी फार गजबजलेली असतात, आम्हाला रात्री २ पर्यंत डोळा लागला नाही आणि सकाळी मुलाची मुलाखत होती. थेट बस असेल तर थोडं लांबचं चालतं. मुलाखत असेल तर झोप पहिली, बाकी सगळं नंतर.

सायली_आणि_मी

सगळ्यांचे मनापासून आभार, मुलाखत कुठेच नाहीये, फक्त बघणं आहे. एका कॉलेजचं स्वतःचं गेस्ट हाऊस आहे असं दिसतंय, त्याचा कोणाला अनुभव?

ऑफिसात_वीस_वर्षं

मी एका कॉलेजच्या ऑफिसात होतो त्यामुळे आतली बाजू सांगतो. गेस्ट हाऊस मिळालं तर फार चांगलं, स्वच्छ असतं, आतच असल्यामुळे रात्री कॅम्पसमध्ये निवांत फिरता येतं. पण ते मुळात बाहेरून येणाऱ्या परीक्षक-पाहुण्यांसाठी असतं, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी बुकिंग एखाद्या विभागामार्फत किंवा अ‍ॅडमिशन ऑफिसमार्फतच होतं, थेट फोन केला तर नाही म्हणतात. ईमेल करून लेखी होकार घ्या. पदवीदान समारंभ, मोठी परिषद, माजी विद्यार्थ्यांचा मेळावा अशा दिवसांत गेस्ट हाऊस तर सोडाच गावातली हॉटेलंही भरतात आणि दरही चढतात, म्हणून तारीख ठरवण्याआधी कॉलेजचं कॅलेंडर बघा. रात्री उशिरा पोचणार असाल तर किल्ली कोण देणार ते नक्की विचारा, हॉटेलसारखं चोवीस तास माणूस बसलेला नसतो.

सुट्टीत हॉस्टेलच्या रिकाम्या खोल्या बाहेरच्यांना देणारी विद्यापीठंही बरीच आहेत, ऑक्सफर्ड-केंब्रिजची कॉलेजंसुद्धा देतात. पण सुट्टीत गेलात तर कॅम्पस रिकामा दिसेल, मुलंच नसतील तर बघायचं काय. शक्यतो कॉलेज चालू असतानाच जा.

सायली_आणि_मी

ठरलं मग. पहिली रात्र हॉस्टेलवाल्या कॉलेजपाशी, ती आत आणि मी चालत जाता येईल अशा हॉटेलात, मग रोज दुपारी पुढे निघायचं. ह्यांना हा धागाच वाचायला दिला, पहाटे साडेपाचचं वाचून तयार झाले. गेस्ट हाऊसला आत्ताच ईमेल टाकलाय.

दोन_पोरांचा_बाबा

ताई, गेस्ट हाऊसचं उत्तर येईपर्यंत एखादं फुकट रद्द करता येणारं हॉटेल धरून ठेवा, आणि रद्द करायची शेवटची तारीख फोनमध्ये अलार्म लावून ठेवा.

हॉस्टेल_नंबर_चार

काकू, पहिल्याच रात्री हॉस्टेल नका ठेवू हो! शेवटचं ठेवा जमलं तर. आधी दोन कॅम्पस बघून झाले की तिला काय विचारायचं ते नीट कळलेलं असतं.

सायली_आणि_मी

अरे हो, हे डोक्यातच आलं नव्हतं. उद्या त्यांना फोन करून तारीख बदलून मिळते का विचारते.