बिलियर्ड्समधली 'तोफ'

प्रूफवाली: विल्सन जोन्सवरच्या लेखाचं भाषांतर तपासतेय. पुण्यात जन्मलेला, १९५८ साली कोलकात्यात हौशी बिलियर्ड्सचा जगज्जेता झालेला. भाषांतरकार लिहितो, 'त्याने एकामागून एक तोफा डागल्या.' मूळ शब्द कॅनन! आपला चेंडू उरलेल्या दोन्ही चेंडूंना लागला की २ गुण, तो. मराठीत काय लिहू?

सोंगटी: कॅननच लिहा. यॉर्करला कुठे मराठी शोधतो आपण?

जुना गडी: शोधायला हवं होतं. 'पायचीत'ला आज कोण हसतं? माझा शब्द: दुटक्कर.

सोंगटी: घाटात दोन एसट्या धडकल्यासारखं वाटतंय.

करवंद: मुळात तोफेशी संबंधच नाही. हा कॅनन म्हणजे इंग्रजी 'कॅरम' शब्दाचा अपभ्रंश (आपला सोंगट्यांचा कॅरम नव्हे), कॅरम फ्रेंच 'कारांबोल'वरून, म्हणजे बिलियर्ड्सचा लाल चेंडू. आणि कारांबोला हे फळ म्हणजे आपलं करमळ! फळाचं नाव पोर्तुगीजांनी मराठी 'करंबळ'वरून उचललं असं कोश सांगतात. चेंडूला ते फळावरून मिळालं, यापुढे मात्र 'बहुधा' आहे.

मालवणी मसाला: आमच्या परसात आहे करमळ. पाच धारांचं, पिवळं. टेबलावर ढकललंत तर दोन कोलांट्या खाऊन गप्प बसेल. ह्याचा चेंडू?

रानवाट: आमच्याकडे करमळ म्हणजे वेगळंच रानझाड, फळ हिरवं नि गोल गरगरीत. तेच असणार.

करवंद: 'असणार'वर व्युत्पत्ती चालत नाही हो.

जुना गडी: मग बिलियर्ड्सचा भाऊबंद स्नूकर तरी आपलाच म्हणा. १८७५, जबलपूरची छावणी, नेव्हिल चेंबरलेन नावाचा लष्करी अधिकारी (पुढे ब्रिटनचा पंतप्रधान झालेला तो नव्हे).

सोंगटी: खेळ इथला, शब्द नाही. स्नूकर म्हणजे विलायतेतल्या लष्करी अकादमीतला पहिल्या वर्षाचा पोरगा. करा भाषांतर: 'नवखा'. यासिन मर्चंट १९८९चा आशियाई नवखाविजेता!

खडूची पूड: वडील एका जिमखान्यात मार्कर, म्हणजे खेळाचे गुण मोजणारे, होते. फळीवरचा काटा सरकवताना ओरडायचे, 'क्यानन, दोन!' साहेबांचा उच्चार वेगळा, त्यांचा वेगळा. ज्याने हजारदा मोजला त्याचा शब्द मराठी नाही?

जुना गडी: उच्चार मराठी, शब्द नव्हे.

खडूची पूड: मग 'टेबल' लिहिणं बंद करा आधी.

प्रूफवाली: मंडळी, पान उद्या छपाईला जातंय. तोफ खोडलीय, जागा रिकामी आहे.

रानवाट: @मालवणी मसाला, तुमच्या करमळाचं लोणचं घालतात का? धारा काढून टाकायच्या की तशाच?