जुन्या फोटोच्या मागचं अक्षर लावून द्याल का? (मोडी आणि शके)

पेठेतली_वाचक
नमस्कार मंडळी, रविवारी जुन्या बाजारात एका पथारीवर जुन्या फोटोंचा गठ्ठा दिसला, अल्बममधून ओरबाडून काढलेले, पाठीला काळा कागद अजून चिकटलेला. विकणाऱ्याचं सगळं लक्ष पितळी डब्यांवर, फोटो तो असेच देऊन टाकत होता, मला बघवेना म्हणून अख्खा गठ्ठा घेऊन आले. बऱ्याच फोटोंच्या मागे काहीच नाहीये. पण एक आहे, नऊवारीतली मुलगी, पंधरा-सोळाची असेल, उंच स्टुलावर हात ठेवून उभी. मागे वरती "चि. सौ. कां." आणि तिचं माहेरचं पूर्ण नाव, खाली दोन ओळी सलग गिचमिड अक्षरात ज्या मला अजिबात लागत नाहीत, मग "माघ शु. ५ शके १८५४". आणि कोपऱ्यात पेन्सिलीने, अक्षर वेगळं, "ती. आई, लग्नाआधी".
हे १९३२ साल ना? मधलं मोडी आहे का? आणि घरच्यांपर्यंत हा फोटो पोचवता येईल का? आईचा लग्नाआधीचा फोटो त्या काळात किती घरांत असेल, मला तर तो माझ्याकडे ठेवायचाच नाहीये.

मोडीवाचक
१९३२ नाही, १९३३. शकात ७८ मिळवायचे हे सगळे सांगतात पण शक बदलतो गुढीपाडव्याला आणि इसवी सन बदलतो जानेवारीत, म्हणजे जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९ मिळवावे लागतात. माघ शुद्ध पंचमी म्हणजे वसंत पंचमी, त्या वर्षी जानेवारीच्या अगदी शेवटी आली होती.
आणि हो, वर्णनावरून मोडीच. आधी आडवी रेघ ओढून घ्यायची आणि तिला अक्षरं लटकवत जायचं, हात शक्यतो उचलायचा नाही, शब्दांत जागा सोडायची नाही, म्हणून ते गिचमिड दिसतं. नाव बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, आणि मजकूर मोडीत हे त्या पिढीत अगदी रोजचं होतं. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा फरक नसतो, त्यामुळे आडनावं आणि गावांची नावं लावताना घाई करू नका. ६०० डीपीआयला स्कॅन करा, पेन्सिलीच्या मजकुराचा वेगळा फोटो काढा, टॉर्च बाजूने आडवा धरून, म्हणजे पुसट झालेलं असेल तरी दाब उमटलेला दिसतो. इथे टाकू नका, नाव आहे त्यात. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

दादरच्या_काकू
माझ्या मते हा स्थळासाठी पाठवलेला फोटो आहे. आमच्याकडे आत्याचा असाच होता, मागे नाव, गोत्र, उंची. मुलीकडचे फोटो पाठवायचे आणि जमलं नाही तर परत मागवायचे, कारण स्टुडिओत जाऊन फोटो काढणं हा खर्च होता आणि मुलीचा फोटो परक्या घरात राहू नये अशीही भावना होती. मग हा परत का गेला नाही? कारण लग्न तिथेच झालं! पेन्सिलीने "आई" लिहिणारा तिचा मुलगा किंवा मुलगी. म्हणजे गठ्ठा सासरच्या घरातून आलाय. आता तिच्या माहेरच्या नावाने शोधत बसलात तर कोणीच सापडणार नाही, कारण आपल्याकडे लग्नात आडनावच काय, पुष्कळ घरांत मुलीचं पहिलं नावही बदलायचे, नातवंडांना आजीचं माहेरचं नाव कित्येकदा माहीतच नसतं. बाकीच्या फोटोंत सासरचं आडनाव किंवा पत्ता शोधा. कुठे "मुंबई २८" असं नुसतं दोन आकडी लिहिलेलं असेल तर ते बहुतेक पिनकोडच्या आधीचं, पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला आला.

कागदवेडा
काकूंशी सहमत, आणि म्हणूनच कळकळीची विनंती, गठ्ठा फोडू नका. "हा छान आहे, हा फ्रेम करू, हे बाकीचे नको" असं लोक करतात आणि तिथेच धागा तुटतो, एकाच हाताचं अक्षर चार फोटोंवर असेल तर त्यातला सर्वात कंटाळवाणा ग्रुप फोटोच घराचा पत्ता देऊन जातो. आज आहेत त्या क्रमाने मोबाईलवर दोन्ही बाजू टिपून ठेवा.
काळा कागद पाण्याने भिजवून काढायचा मोह होईल, अजिबात नको, खाली दौतीची शाई असेल तर ती पसरते आणि मजकूर गेला तो गेला. लॅमिनेशन तर नकोच नको. मागे स्वतःचं काही लिहायचंच झालं तर मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने. बॉलपेनचा दाब पुढे चेहऱ्यावर उमटतो.
पोस्टकार्डच्या मापाचे फोटो आहेत का त्यात? असले तर मागे मध्ये उभी रेघ असते, डावीकडे मजकूर, उजवीकडे पत्ता. तिकीट लावून टपालातून गेलेलं असेल तर शिक्क्यावर गाव आणि तारीख दोन्ही मिळतं.

मोडीवाचक
स्कॅन मिळालं, धन्यवाद, अक्षर सुरेख आहे. पहिल्या ओळीत गोत्र आणि उंची. दुसरी ओळ: "पसंत नसल्यास फोटो परत पाठविणे." काकू, तुमचं बरोबर निघालं. शेवटचा एक शब्द मला नक्की लागत नाही, भारत इतिहास संशोधक मंडळात ओळखीचे एक जाणकार आहेत, त्यांना दाखवतो.

पेठेतली_वाचक
वाचून अंगावर काटा आला. गठ्ठा परत पाहिला, पोस्टकार्ड आहे एक! एक माणूस, कोट-टोपी, मागे तिकीट उखडलेलं पण शिक्क्याचा अर्धा गोल शिल्लक आहे, "...पूर" एवढंच वाचता येतंय, आणि पत्त्यात आडनाव स्पष्ट आहे. अक्षर मोडीच, खाली "ती. सौ. आईस सा. न." (साष्टांग नमस्कार) बाळबोधीत. स्कॅन पाठवते. बुधवारी परत बाजारात जाऊन त्या विकणाऱ्याला विचारणार आहे की कुठला वाडा रिकामा झाला. आडनाव जुळलं तर आधी फोन कोणाला करावा, काकू, म्हणजे अशा वेळी बोलायला सुरुवात कशी करतात?

दादरच्या_काकू
घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईला. फोनवर "तुमच्या घरचे जुने फोटो मिळालेत, पैसे नकोत" हे पहिल्याच वाक्यात सांगा, नाहीतर लोक घाबरून फोन ठेवतात. आणि फोटोची पुढची बाजू आधी पाठवा, मागचं त्यांना स्वतः हातात घेऊन वाचू द्या.